ब्लाउजचं माप आणि हाताची सूज

"मॅडम, मशीन विकून टाकू का?" समुपदेशनाला आलेल्या कळव्याच्या ताईंचा पहिला प्रश्न हाच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय 52, घरीच ब्लाउज शिवून देतात. उजव्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन दहा महिने झालेले, काखेतल्या सोळा लसिका गाठी (लिम्फ नोड) काढलेल्या. केमो झाली, मग ठाणे-पनवेल लोकलने खारघरला जाऊन रेडिएशनही पुरं झालं. सगळं सोसून झाल्यावर शेजारणीने सांगितलं, "आता हात सुजणारच, तांब्यासुद्धा उचलू नकोस." तेव्हापासून उजवा हात ओढणीच्या झोळीत.

शेजारीण अगदीच खोटं बोलत नव्हती. हातातला लसिका द्रव (पेशींभोवती साठणारं पाणी) काखेतल्या या गाठींमधून परत जातो. त्या काढल्या आणि उरलेल्या वाटांवर रेडिएशन पडलं, की तो तुंबू शकतो. हाच लिम्फेडेमा. पण "सुजणारच" हे चूक. काखेतल्या बहुतेक गाठी काढलेल्या शंभर बायकांपैकी साधारण वीस जणींना हा त्रास होतो. तपासणीपुरत्या एक-दोन गाठी काढल्या असतील, तर पाच-सहा जणींना. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत, क्वचित बऱ्याच वर्षांनीही. वाढलेलं वजन आणि हातातला जंतुसंसर्ग धोका वाढवतात.

झोळीने मात्र नुकसानच केलं होतं. स्नायू आवळले-सैलावले की हा द्रव पुढे ढकलला जातो. हात निजवून ठेवला की ते थांबतं. ताईंचा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली दोरीसारखं काहीतरी ताणलं जात होतं. ती त्यांना नवी गाठ वाटली होती. डॉक्टरांनी तपासलं: गाठ नाही, ऑपरेशननंतर पुष्कळजणींना येणारा ताण. फिजिओथेरपीने तो सुटतो.

मग टेप काढली. ती त्यांच्याच पिशवीत होती! दंडाचा घेर घ्यायला सांगितल्यावर सवयीने टेपखाली दोन बोटं सरकवली. ब्लाउजला ते ठीक, इथे नाही. टेप अंगाला टेकलेली हवी, पण कातडीत रुतायला नको. हात टेबलावर, तळवा खाली. बॉलपेनने खुणा करायच्या: मनगट, कोपराच्या खाली दहा सेंटिमीटर, वर दहा सेंटिमीटर; शिवाय तळव्याचा घेर. दोन्ही हात मोजायचे, महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी. ताईंचा उजवा दंड एक सेंटिमीटरने जाड निघाला आणि चेहरा पडला. पण कामाचा हात थोडा जाड असतोच. खरं तर दोन्ही हातांचं माप ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवायला हवं. ते कुणी घेतलं नव्हतं. एखाद्या जागी फरक दोन सेंटिमीटरवर गेला, किंवा माप तेच असूनही हात जड वाटला, अंगठी-बांगडी रुतली, तर दाखवायचं. आणि संपूर्ण हात एकाएकी सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

मशीन राहिलं. अर्धा तास शिवण, मग उठून खांदे फिरवायचे. हातशिलाईला अंगुस्तान. वजनाची सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत, अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीने, दहा वेळा. दुसऱ्या दिवशी हात जड नसेल, तरच पुढे, तेही हळूहळू. मध्ये आठवडा खंड पडला, तर पुन्हा खालून. जांभळी नाक्यावरून भाजी आणताना एकच जड पिशवी कोपरात अडकवू नये; दोन हलक्या कराव्यात. बीपी आणि रक्ततपासणी शक्यतो डाव्या हाताला, पण उजव्या हाताला एकदा पट्टा बांधला म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही. अभ्यासांत त्याचा सुजेशी ठोस संबंध आढळलेला नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. डास चावला, ताईंनी खाजवलं, संध्याकाळी मनगटाजवळ लाली आणि थंडीताप. ठरल्याप्रमाणे लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली. दोन तासांत लाली रेघेबाहेर गेली. रेघ ही नोंदीपुरती, दवाखान्यात जायला लाली आणि ताप एवढं पुरे. त्याच रात्री डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं. अशा वेळी तेल चोळणं, शेक किंवा मसाज अजिबात नको. लघवी होण्याच्या गोळ्यांनीही ही सूज उतरत नाही.

संसर्ग गेला, पण कोपराखालचा फरक 2.4 सेंटिमीटर राहिला. लिम्फेडेमाच्या फिजिओथेरपिस्टने काही आठवडे हलक्या हाताने द्रव पुढे सारण्याचा मसाज केला आणि पट्ट्या बांधल्या, मग मापाचा घट्ट स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी बाही, दिला. तो दिवसा घालायचा, झोपताना काढायचा. दुकानातून अंदाजाने "मीडियम" घेतला असता, तर वरची कड रुतून तळवा सुजला असता. फरक 1.3वर आला.

गौरी-गणपतीच्या ऑर्डरी त्यांनी घेतल्या, निम्म्याच. स्वतःच्या ब्लाउजची उजवी बाही अर्धा इंच सैल बेतली आणि आत शिलाईला माया ठेवली.