क्रूझ मंगळूरला दिवसभर थांबणार, तेवढ्यात कॉफीचा मळा बघून होईल का?

होतो, पण चिकमगळूरचा नाद सोडा. बंदरापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात चारमाडी घाट, म्हणजे एका बाजूनेच साडेतीन-चार तास गेले. सकलेशपूर त्यातल्या त्यात जवळ, शिराडी घाटातून तीनेक तास धरा, आणि जहाज दहा तास तरी थांबणार असेल तरच निघा. शक्यतो जहाजाचीच टूर घ्या, स्वतः गाडी केली अन् उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

आम्ही लातूरकडचे, काळ्या रानात तूर-सोयाबीन बघत मोठे झालेलो, त्यामुळं सावलीत घेतात असं पीक बघून मी तर हरखूनच गेलो बघा. वर सिल्व्हर ओकची उंच झाडं, त्यांच्यावर मिऱ्याचे वेल चढलेले अन् खाली कॉफीची झुडपं. लाल पिकलेलं फळ दाबलं की चिकट गोड गर अन् आत दोन बिया पाठ बाहेर करून चिकटलेल्या, वास मात्र कॉफीचा अजिबात नाही, तो भाजल्यावरच येतो. तोडणी बघायची असंल तर डिसेंबर-जानेवारीतच जा.