पुओलुक्काची बादली

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. बी.एड.च्या वर्गात तू ठणकावून सांगितलंस, ‘माझ्या आईच्या देशात, फिनलंडमध्ये, परीक्षाच नसतात, आणि शिक्षणात तो जगात पहिला!’ वाचून हसू आलं, थोडी काळजीही वाटली. आजोळचा अभिमान तुला असायलाच हवा. पण तो ऐकीव वाक्यांवर उभा राहिला, तर पहिल्याच आडव्या प्रश्नाला कोसळेल.

परीक्षा फिनलंडमध्येही असतात. शिक्षक वर्गात चाचण्या घेतात, आणि शेवटची मोठी परीक्षा तर १८५२ पासून चालत आली आहे. नववीपर्यंत सगळ्या देशाला एकाच फुटपट्टीने मोजणारी बोर्डाची परीक्षा मात्र नाही. आणि पहिल्या नंबराचं म्हणशील, तर पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००६ साली गणिताचे गुण ५४८ होते, २०२२ मध्ये ४८४. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत कॉफी पिताना यावर चांगली वादावादी होते. लपवत कोणी नाही.

मग अभिमान कशाचा? तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघ. लोकशाळांचा, म्हणजे सर्वांसाठीच्या प्राथमिक शाळांचा, हुकूम निघाला १८६६ साली. त्याच सुमाराला दुष्काळ पडला आणि १८६८ पर्यंत शंभरातली आठेक माणसं गेली. शाळेत सगळ्या मुलांना फुकट जेवण द्यायचा कायदा १९४३ चा, ऐन युद्धातला. गावांना तयारीसाठी पाच वर्षं दिली आणि १९४८ पासून ताटं वाढली जाऊ लागली. तेव्हा देश सोव्हिएत संघाला युद्धाची भरपाई देत होता. शाळेच्या स्वयंपाकघरासाठी मुलं जंगलातून बेरी गोळा करून आणत. तुझी मुम्मो, म्हणजे आजी, त्यांतलीच. पुओलुक्का या लाल, आंबट बेरींची बादली उचलून हात कसे दुखायचे, हे तिने मला एकदा सांगितलं होतं. तुला सांगितलंय का कधी?

आता माझा एक दिवस सांगते. मी शाळेत मदतनीस म्हणून लागले, त्या पहिल्या वर्षीचा. सुतारकामाचा तास. (लोकशाळेत हातकाम आणलं ते उनो सिग्नेउसने. त्याच्याबद्दल जरूर वाच.) नऊ-दहा वर्षांची एक पोर काताया नावाच्या झुडपाच्या लाकडाची लोण्याची सुरी तासत होती. पातं जाडच राहिलं होतं. माझे हात शिवशिवत होते. वाटलं, घ्यावी आणि देऊन टाकावी करून. शिक्षक आले, सुरीकडे बघितलं, आणि स्वयंपाकघरातून पावाचा तुकडा आणि लोणी घेऊन आले. ‘लावून बघ.’ पाव फाटला. पोरीने सुरी उलटीसुलटी केली आणि स्वतःहून पॉलिशपेपर उचलला. शिक्षक एव्हाना दुसऱ्या टेबलाशी होते.

असं गप्प राहणं आपोआप येत नाही गं. इथे पहिलीच्या मास्तरलाही विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी लागते, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून. शाळा तपासायला येणारे साहेब बंद झाले ते त्यानंतर, १९९० च्या दशकात. हा क्रम लक्षात ठेव. आधी माणूस घडवला, मग त्याच्यावर विश्वास टाकला. तू शिक्षिका झालीस की ‘तपासणी नको’ हे वाक्य आधी उचलावंसं वाटेल, कारण ते सोपं आहे.

आणि फिनिश नीट शिक. इंग्रजीतून शिकू नकोस, विभक्त्या बघून घाम फुटेल. मराठीतून शिक. ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात. शेपूट शब्दालाच चिकटतं, आपल्यासारखं. शिवाय लिहितात तसंच वाचायचं. महिन्याभरात वाचायला लागशील. बोलायला वेळ लागेल, लागू दे.

रविवारी मुम्मोला फोन कर आणि त्या बादलीबद्दल विचार. ती आधी बराच वेळ काहीच बोलणार नाही. फोन कट झाला असं समजून ‘हॅलो, हॅलो’ करत बसू नकोस.

तुझी,
आत्या