अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचं एकाच वर्षाचं राष्ट्रीय विजेतेपद दोन-दोन विद्यापीठं आपलं म्हणून कशी सांगतात? खरं कोणाचं धरायचं?

कारण विजेता ठरवणारं एक घर तिथे कधी नव्हतंच. एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना बाकी खेळांत करंडक देते, फुटबॉलच्या (चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या) सर्वांत वरच्या विभागात देत नाही. 1936 पासून एपी या वृत्तसंस्थेचं पत्रकारांमधलं मतदान, 1950 पासून प्रशिक्षकांचं वेगळं, शिवाय गणित मांडून क्रमवारी काढणारे कितीतरी. ज्याला जी यादी सोयीची, त्याने ती धरली. पण 2017 साली मी ऑर्लंडोला यूसीएफमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा) शिकत होते, त्यामुळे एवढ्यावर थांबवत नाही.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी साउथ फ्लोरिडा विद्यापीठाशी सामना होता. आमच्या स्टेडियमचे स्टँड धातूचे. पोरं उड्या मारायला लागली की पायाखालचं खरोखर हलतं, म्हणून त्याला बाउन्स हाउसच म्हणतात. शेवटचं दीड मिनिट राहिलं असताना त्यांनी 42-42 अशी बरोबरी केली. माझ्या शेजारची मुलगी ओंजळीत तोंड घालून खाली बसली. पुढच्याच किकवर आमच्या माइक ह्यूजने चेंडू घेतला आणि 95 यार्ड पळत थेट त्यांच्या रेषेपार गेला. बाकावरची माझी पाण्याची बाटली हादऱ्याने घरंगळत खाली गेली, ती परत मिळाली नाही. 49-42.

पुढे मेम्फिसला दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये हरवून आम्ही 12-0 झालो, म्हणजे बारा विजय, हार एकही नाही. मोसमाअखेरच्या बाद फेरीला, म्हणजे प्लेऑफला, तेव्हा जागा चारच होत्या, आणि निवड समितीने आम्हाला नंबर दिला बारावा. 1 जानेवारी 2018 ला पीच बाउलमध्ये (बाउल म्हणजे मोसम संपल्यावरचे मानाचे सामने) ऑबर्नला 34-27 हरवलं. डावा पंजा नसलेला शकीम ग्रिफिन त्या दिवशी ज्या तडफेने खेळला, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. याच ऑबर्नने नोव्हेंबरात जॉर्जिया आणि अलाबामा दोघांनाही हरवलं होतं, आणि राष्ट्रीय अंतिम सामना खेळलं कोण, तर जॉर्जिया आणि अलाबामा! वरच्या विभागात त्या मोसमात एकही सामना न हरलेला संघ एकच होता, आमचा. मग विद्यापीठाने विजेतेपद जाहीर केलं, डिस्नेमध्ये मिरवणूक काढली, प्रशिक्षकांना बोनस दिले. बरोबरच केलं. कोलीच्या गणिती क्रमवारीत आम्ही पहिले होतो आणि एनसीएएच्या नोंदपुस्तकात ते छापलेलं आहे.

आता माझा मावसभाऊ. दादा अलाबामा विद्यापीठाचा, त्यांच्या टस्कलूसा गावी शिकलेला. व्हिडिओ कॉलवर आई आणि मावशीसमोर मला म्हणाला, "स्वतःच्या हातांनी स्वतःच्या गळ्यात हार घातलात तुम्ही." वर, "तुला फुटबॉलमधलं काय कळतं?" मावशी हसली. ते मला लागलं, आणि तेव्हा लगेच उत्तर सुचलं नाही.

उत्तर हे. दादाच्या विद्यापीठाने सांगितलेल्या विजेतेपदांच्या यादीत 1941 आहे. त्या वर्षी अलाबामा दोन सामने हरलं आणि एपीच्या यादीत विसावं होतं. पहिलं होतं मिनेसोटा, 8-0. एका गणिती क्रमवारीच्या आधारावर ते वर्ष 1980 च्या दशकात यादीत घातलं गेलं. म्हणजे जे खेळले ते तोवर म्हातारे झाले होते. यादीत 1973 सुद्धा आहे. तेव्हा प्रशिक्षकांचं मतदान बाउल सामन्यांच्या आधी व्हायचं. त्यांनी अलाबामाला पहिलं ठरवलं आणि नंतर शुगर बाउलमध्ये नोत्र दामने त्यांना 24-23 हरवलं. लगेच पुढच्या मोसमापासून मतदान बाउलनंतर घ्यायला लागले, यावरूनच काय ते समजा. आम्ही निदान त्याच आठवड्यात, खेळाडू समोर उभे असताना बोललो.

आमचं वेळापत्रक सोपं होतं, हे मान्य. अलाबामाने 2017 च्या मोसमाचा अंतिम सामना ओव्हरटाइममध्ये 26-23 जिंकला, तेही खरं. एपीने शेवटी आम्हाला सहावं ठेवलं, पण चार पत्रकारांनी पहिल्या नंबराचं मत आम्हालाच दिलं. आणि 1997 किंवा 2003 सारखी वर्षं वेगळी, तेव्हा पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतदानांत खरंच वेगवेगळे विजेते निघाले होते. तिथे दोघांनाही विजेते मानायला माझी हरकत नाही.

तुम्हाला एखादा दावा तपासायचा असेल, तर तो कोणत्या वर्षी केला गेला ते आधी बघा आणि त्या मोसमात त्यांना कोणी हरवलं होतं ते बघा. दादा, तू हे वाचशीलच. 1941 सोडलं म्हणून मावशीसमोर एकदा सांग, मग आमच्या 2017 बद्दल बोलू.