वाचकांचे प्रश्न : घरची जपानी रायू आणि करपणारं तिखट

ग्योझा (सारण भरलेले, करंजीच्या आकाराचे डम्पलिंग), रामेन (नूडल्सचं सूप) यांच्यासोबत जपानी जेवणात लाल तिखट तेलाची छोटी बाटली असते, ती रायू. मूळची चिनी, पण जपानी घरांत पूर्ण रुळलेली. या वेळचे प्रश्न तिच्याबद्दल आणि तिच्या आसपासच्या चटण्यांबद्दल आहेत.

प्रश्न : वाटीभर तेल कडकडीत तापवून तीन चमचे लाल तिखटावर ओतलं. तेल तपकिरी झालं आणि चव कडू. काय चुकलं? (सांगली)

तेल फार तापलं, तिखट कोरडं होतं आणि बहुधा फार बारीकही. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की रायू करपणारच. सूर्यफुलाचं तेल धूर सोडायला लागतं तोवर ते २२० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलेलं असतं. तिखटाला १६० ते १७० अंश पुरतात. मिरचीत साखर असते, ती जास्त आचेवर काळी पडते आणि तोच कडवटपणा तेलात उतरतो. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात विरघळतात, त्यासाठी एवढी आच लागत नाही. मिसळीचा कट करताना फोडणीत तिखट टाकायच्या आधी आपण गॅस बंद करतो, ते याचसाठी.

आता प्रमाण. २०० मिली सूर्यफुलाचं किंवा राइस ब्रॅन तेल, ३० ग्रॅम जाडसर तिखट, २ छोटे चमचे पाणी, १५ ग्रॅम आल्याच्या चकत्या, लसणाच्या ३ पाकळ्या ठेचून, कांद्याच्या पातीचा ४-५ काड्यांचा हिरवा भाग आणि शेवटी २ मोठे चमचे भाजल्या तिळाचं तेल. पात धुतल्यावर कापडानं खडखडीत कोरडी करा, नाहीतर तेल उडतं.

तेल थंड असतानाच त्यात आलं, लसूण, पात घाला आणि मंद आचेवर ठेवा. दहा-बारा मिनिटांत पातीच्या कडा तपकिरी होतात. तिथेच गाळा. पात पूर्ण काळी होऊ दिली तर मिरची घालायच्या आधीच तेल कडू झालेलं असतं.

तेल गाळून होईपर्यंत तिखटात दोन चमचे पाणी घालून बोटांनी चोळा. ओल्या वाळूसारखं भुरभुरीत झालं पाहिजे, चिखल नको. बरेच जण ही पायरी गाळतात, पण रायू वाचते ती इथेच. गरम तेल पडलं की आधी हे पाणी उकळून जातं आणि तेवढा वेळ मिरची १०० अंशांच्या आसपासच राहते. तेल एकदम ओतू नका, तीन भागांत ओता. पहिल्या पळीला फेस भसाभसा वर येतो, म्हणून भांडं खोल आणि स्टीलचं घ्या, काचेची बरणी तडकते. फेस बसला की ढवळा, मग दुसरी पळी. तिळाचं तेल सगळ्यात शेवटी, मिश्रण कोमट झाल्यावर.

थर्मामीटर नसेल तर चिमूटभर तिखट तेलात टाकून बघा. ते बुडबुड्यांसकट वर येऊन लालच राहिलं, तर तेल बरोबर. दोन-तीन सेकंदांत काळं पडलं तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. गुपचूप तळाशी गेलं तर अजून तापवा. रायू लगेच चाखून निकाल देऊ नका, रंग आणि वास पूर्ण उतरायला एक रात्र जाते. दुसऱ्या दिवशी मलमलच्या फडक्यातून गाळली की स्वच्छ लाल तेल मिळतं.

प्रश्न : मिरची कोणती घ्यावी? आणि घाण्याचं तिळाचं तेल चालेल का? (कोल्हापूर)

३० ग्रॅमपैकी २४ ग्रॅम ब्याडगी आणि ६ ग्रॅम लवंगी. ब्याडगी रंग देते, लवंगी तिखटपणा. नुसती लवंगी घेतली तर तेल जाळ होतं पण फिकट दिसतं. मिरच्या तव्यावर नुसत्या कोमट करा, भाजू नका. निम्म्या बिया काढा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवून रव्यापेक्षा जाड ठेवा. पिठासारखं तिखट तळाशी बसून गोळा होतं आणि गोळ्याचा खालचा भाग करपतो. कांदा-लसूण मसाला यात अजिबात नको, त्यातलं खोबरं आणि धने तेलाची चव पूर्ण बदलतात.

आपलं घाण्याचं तिळाचं तेल बहुतेक कच्च्या तिळाचं असतं, फिकट आणि सौम्य. जपानी तेल भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी, आणि रायूचा ओळखीचा वास त्याचाच. ते मिळत नसेल तर दोन मोठे चमचे तीळ बदामी होईपर्यंत भाजा, खलबत्त्यात ठेचा, कोमट रायूत दहा मिनिटं ठेवून गाळा. अगदी तसंच होत नाही, पण जवळ जातं.

प्रश्न : लसणाचे कुरकुरीत तुकडे असलेली रायू केली, पण दुसऱ्या दिवशी लसूण चिवट झाला. (पुणे)

ही ‘ताबेरु रायू’, म्हणजे खायची रायू. २००९ मध्ये मोमोया या जपानी कंपनीनं अशी बाटली बाजारात आणली आणि पुढच्या वर्षी तर ती दुकानांत मिळेनाशी झाली. गरम भातावर चमचाभर घेऊन खायची असल्यामुळे हिच्यात तिखटपणा कमी आणि खमंगपणा जास्त असतो.

लसूण चिवट होतो तो आत ओल राहिल्यामुळे. ४० ग्रॅम लसणाचे एक मिलिमीटर जाडीचे, सगळे सारखे काप करा. जाड-पातळ असले तर पातळ जळतात आणि जाड कच्चे राहतात. थंड तेलात टाकून मंद आचेवर तळा आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत धीर धरा. बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारं पाणी. रंग मात्र वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा असतानाच बाहेर काढा, कारण काढल्यावरही लसूण मिनिटभर शिजत राहतो. सोनेरी झाल्यावर काढलेला लसूण ताटलीत तपकिरी होतो. ६० ग्रॅम कांदा वेगळा तळा, त्याला वेळ जास्त लागतो. दोन्ही कागदावर पसरून पूर्ण गार करा.

मग न गाळलेल्या रायूत हे तुकडे, १ मोठा चमचा भाजलेले तीळ, १ छोटा चमचा साखर आणि २ छोटे चमचे सोया सॉस. तेल गरम असताना सोया सॉस घातला तर तो तडतडून अंगावर येतो. सोया सॉसमध्ये पाणी असतं, त्यामुळे कुरकुरीतपणा जास्त दिवस हवा असेल तर तो बरणीत घालूच नका, वाढताना वरून घ्या.

ही बरणी फ्रिजमध्येच ठेवा आणि आठवडाभरात संपवा. तेलात बुडालेल्या ओलसर लसणात, हवा नसल्यामुळे, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचं विष वासाला किंवा चवीला कळत नाही. म्हणून थोडीच करा. चमचा कोरडा हवा.

प्रश्न : घरात कांदा, लसूण, आलं चालत नाही. मग रायू होईल का? (मुंबई)

होईल, आणि चांगली होईल. तेलात दालचिनीचा बोटभर तुकडा, एक चक्रफूल आणि ५-६ तिरफळं घाला. जपानी सान्शो (मिरीसारखा वापरतात तो मसाला) आणि कोकण-गोव्यातलं तिरफळ ही एकाच कुळातली भावंडं, जिभेला तीच झिणझिण. तिरफळातलं काळं बी आधी काढून टाका, ते कचकचतं. मसाले मंद तेलात पाच मिनिटं ठेवा आणि गाळा. पुढची कृती तीच.

प्रश्न : युझू कोशो म्हणजे जपानी ठेचाच ना? आपल्या लिंबाचा करता येईल? (रत्नागिरी)

दिसायला ठेचाच. ‘कोशो’ म्हणजे जपानीत एरवी मिरी, पण क्युशू बेटावर जुन्या बोलीत मिरचीलाही कोशो म्हणतात. त्यात हिरव्या युझूची (लिंबाच्या जातीचं सुवासिक जपानी फळ) साल, हिरवी मिरची आणि मीठ एवढंच असतं. आपण ठेच्याची मिरची भाजतो, ही कच्चीच वाटतात, आणि लसूण नसतो.

८-१० हिरव्या कागदी लिंबांची साल बारीक किसणीवर किसा. साधारण २० ग्रॅम निघते. हात हलका ठेवा. हिरव्याखालचा पांढरा थर लागला की कडू झालीच म्हणून समजा, आणि कागदी लिंबाची साल इतकी पातळ की दुसऱ्यांदा त्याच जागी किसणी फिरवायचीच नाही. २० ग्रॅम बिया काढलेल्या मिरच्या आणि ८ ग्रॅम मीठ घालून खलबत्त्यात वाटा. मिक्सरमध्ये एवढं थोडं वाटण नीट फिरत नाही. मीठ कमी करू नका, टिकाऊपणा त्याच्यावर आहे. फ्रिजमध्ये आठवडा ठेवल्यावर कच्चा उग्रपणा जातो, रंग मात्र थोडा उतरतो. युझूचा वास यात येणार नाही, पण मासळीच्या पातळ कढणात किंवा टोफूवर मोहरीएवढा ठिपका फार छान लागतो.

प्रश्न : ग्योझासोबत रायू किती घ्यायची? (नाशिक)

सोया सॉस आणि तांदळाचं व्हिनेगर समप्रमाणात, एकेक मोठा चमचा, त्यात रायूचे ५-६ थेंब. साधं पांढरं व्हिनेगर वापरणार असाल तर ते निम्मंच घ्या आणि चिमूटभर साखर घाला, कारण ते जास्त आंबट असतं. ढवळू नका, तेल वर तरंगू द्या, म्हणजे ग्योझा बुडवताना आधी त्यालाच लागतं.