माणसाची उत्क्रांती थांबली का? बाकीचे प्राणी तर बदलत असतात.

थांबलेली नाही, आपली पिढी लांबलचक म्हणून ती दिसत नाही. परभणी-जालन्याकडं कापूस लावणाऱ्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. २००२ साली बीटी (अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं कापसाचं वाण) आलं तेव्हा गुलाबी बोंडअळी ते खाऊन मरायची. २०१७ ला बीटीचीच बोंडं फोडली तर आत अळी आरामात सरकी पोखरतेय. विषाला दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या, पुढं त्यांचीच पिलावळ वाढली. अळीची पिढी महिना-सव्वा महिन्यात, माणसाची पंचविशीत. तरी मोठेपणी दूध पचवायची ताकद काही समाजांत गेल्या दहाएक हजार वर्षांतच पसरली आहे.