पुण्यात लॉ करायला येणाऱ्या धाकट्या मित्रास

पहिलं सांगतो, लॉ कॉलेज रस्त्यावर खोली शोधू नकोस. सदाशिव किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने, बघ. मी नारायण पेठेत चौघांत एक खोली घेतली होती. लोखंडी कॉट, भिंतीतलं अर्धं कपाट, खाली मेस. तिथून शिवाजीनगर कोर्टात चालत जाता येतं, आणि तुझं खरं शिक्षण तिथेच आहे.

डिपॉझिट देण्याआधी लेखी करार माग. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 आजच वाच. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मी तोंडी शब्दावर राहिलो आणि डिपॉझिट बुडालं. अनुसूचित जातीचा असशील आणि सरकारी वसतिगृह मिळालं नाही, तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या सरकारी स्वाधार योजनेचा अर्ज भर.

आता नोकरीचं. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावर पहिली दोन वर्षं हाताशी फार पैसा येत नाही, हे घरी आताच सांगून ठेव. ज्युनियर वकिलाला शहरात महिना किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस वकिलांची शिखर संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये केली, पण ती शिफारसच. मला पहिल्या सिनियरकडे सहा महिने छदामही मिळाला नाही. तरी रोजनामा (खटल्यात त्या त्या तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद) वाचायला आणि उलटतपासणी ऐकायला तिथेच शिकलो.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर लक्षात घे, 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. तेवढ्या काळाच्या भाड्याची सोय आत्तापासून बघ.