मॉरिशस म्हणजे 'मिनी इंडिया'च ना? आठवडाभराच्या सहलीत समुद्राशिवाय तिथे पाहण्यासारखं काय आहे?

नाही. मॉरिशस मिनी इंडिया नाही, आणि तेच डोक्यात धरून उतरलात तर आठवडा फुकट जाईल. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं कात्र बोर्नला काढली, मुलं तिथेच लहानाची मोठी झाली. त्यामुळे हा प्रश्न दिसला की मला गप्प बसवत नाही.

आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. तिथल्याच, पण मराठी. तिथे मराठी लोकांची वेगळी गणना होते, तेलुगू आणि तमिळ लोकांचीही. 'हिंदू' म्हटलं की तिथे बहुतेकदा भोजपुरी-हिंदी मुळाची माणसं असाच अर्थ घेतला जातो. आपल्याकडून जाणाऱ्याला हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. १९९८ साली नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली, तर तमिळ समाज एवढा खवळला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. एका शब्दात गुंडाळता येईल असा हा देश नाही.

मावशींच्या घरी दीड दिवसाचा गणपती असायचा. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, हे इथे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मोदक, केळीच्या पानावर जेवण, आणि विसर्जनाला जाताना जाखडी. ते तिला 'झाकरी' म्हणतात. कोकणातल्या मंडळींनी जहाजातून नेलेला नाच पाच-सहा पिढ्यांनंतरही तिथे ढोलकीवर चालू आहे. घरातलं बोलणं मात्र क्रिओलमधलं, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीतलं. आरतीची वही रोमन अक्षरांत लिहिलेली, आणि पोरं ती बघून खड्या आवाजात, एकही ओळ न गाळता म्हणायची.

एका वर्षी आमचे थोरले दीर पुण्याहून आले होते. पंगतीत बसल्या बसल्या मावशींना म्हणाले, "तुमची मराठी पार बाटली हो! भाषा टिकवायला हवी होती तुम्ही." मावशींनी त्यांच्या पानात आणखी एक मोदक वाढला, तूप घातलं आणि पुढच्या पानाकडे गेल्या. माझ्या घशाखाली घास उतरेना.

पुढच्या आठवड्यात मावशींना मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जायचं होतं. मजुरांच्या आगमनाची जुनी दप्तरं तिथे जपून ठेवली आहेत, आणि वंशजांना आपल्या पूर्वजांची नोंद शोधता येते. मी दिरांनाही मुद्दाम सोबत घेतलं. मावशींच्या पणजोबांची नोंद निघाली: क्रमांक, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा रत्नागिरी. सोबत फोटो. उघडे खांदे, आणि कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारे डोळे. मावशींनी त्या कागदाला हात लावला नाही, लांबूनच नमस्कार केला. त्यांच्या घराण्याचं आडनाव म्हणजे त्या माणसाचं पाळण्यातलं नाव. तिथे कितीतरी जणांचं तसंच झालं आहे.

दीर बाहेर आल्यावरही म्हणाले, "तरी पण भाषा सोडायला नको होती." हा वाद आमच्या घरात प्रत्येक लग्नकार्यात निघतो, म्हणून इथे एकदा नीट लिहिते. १८३५ मध्ये गुलामी बंद झाली, आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडणार हे मळेवाल्यांना आधीच दिसत होतं. म्हणून १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर नेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, मुंबई बंदरातून त्या मानाने फारच थोडी. पगार महिना पाच रुपये. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या माणसालाही फोटोचा पास जवळ बाळगावा लागे, नसला की पोलीस भटका म्हणून धरत. शेजारच्या खोपटात बिहारी, पलीकडे तमिळ, मुकादम क्रिओल बोलणारा. क्रिओल शिकली म्हणून ती माणसं जगली. ज्याला पुण्यात बसून मराठी 'टिकवायची' आहे, त्याने त्यांना बोल लावू नये. आणि सरकारी शाळांत आजही मराठी हा विषय आहे, आवडीने घेणारी मुलं आहेत. आमच्या दिरांची नातवंडं मराठी वाचत नाहीत, हेही सांगून टाकते.

आता तुमचं काय पाहायचं ते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आधी पाहा. बंदराजवळच्या त्या सोळा दगडी पायऱ्या चढून ही माणसं बेटावर आली. मग नैर्ऋत्येला ल मोर्नचा डोंगर. मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे लपत. मुक्ती झाल्याची बातमी घेऊन शिपाई वर येताना दिसले, तेव्हा आपल्याला धरायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तिथली आठवण सांगतात. या दोन जागा पाहिल्याशिवाय हा देश कळत नाही. १ फेब्रुवारीला गुलामीमुक्तीची सुट्टी असते आणि २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाची, आणि दोन्ही साऱ्या देशाच्या असतात. वाटेत उसाच्या शेतांत काळ्या दगडांच्या मोठाल्या राशी दिसतील, तिथे गाडी थांबवा. ज्वालामुखीची जमीन आहे, ऊस लावायला आधी दगड उपसावे लागले, तेही हातांनी.

बाजारात ढोल पुरी खा. बिनगोडाची पुरणपोळीच, आत मऊ शिजलेल्या पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ आणि चटणी, कागदात गुंडाळून देतात. ग्रां बासँचा तलाव महाशिवरात्रीच्या सुमारास पाहण्यासारखा असतो. लोक चालत जातात, रस्त्यावर पाणी-फळं वाटणारे उभे असतात. एरवी तासाभरात होतो.

मधुचंद्राला चालला असाल तर समुद्रावर पडून राहायलाही माझी हरकत नाही, किनारे सुंदरच आहेत. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस, ते टाळा. इंग्रजांनी १८१० मध्ये बेट घेतलं तेव्हा फ्रेंचांचे कायदे आणि भाषा तशीच राहू दिली, म्हणून वर्तमानपत्रं आजही फ्रेंचमध्ये निघतात. दुकानात थेट हिंदीत सुरू होऊ नका, आधी 'बोंझूर' म्हणा. आणि एखाद्या मराठी घरी जेवायला बोलावलं, तर पोटभर जेवा आणि कुणाची मराठी सुधारायला जाऊ नका.